राहत मंझिलातला मुक्काम

हॉटेल म्हणजे भजी खायची जागा, आणि लॉज म्हणजे बायकापोरांसमोर जिचं नाव काढू नये अशी जागा, अशी किशनरावांची स्वच्छ समजूत होती. नांदेडच्या पाटबंधारे कार्यालयात ते हेडक्लार्क. दौऱ्यावर गेले तर सरकारी विश्रामगृह आणि लग्नाला गेले तर पाहुण्यांची गच्ची, यापलीकडे परगावी झोपायची तिसरी जागा असते हे त्यांना पन्नाशी जवळ येईपर्यंत ठाऊक नव्हतं. पण त्या वर्षी त्यांची मुलगी शिल्पा दहावीला बोर्डात येता येता राहिली, आणि सगळ्या गल्लीनं एकमुखानं ठरवलं की पोरगी आता लातूरलाच शिकायला गेली पाहिजे.

हे ठरवताना किशनरावांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. लातूर म्हटलं की लोकांना डॉक्टर-इंजिनियर दिसायचे, किशनरावांना भूकंप दिसायचा. भूकंपाला पाच-सहा वर्षं होत आली होती. नांदेडला त्या पहाटे नुसती फडताळातली भांडी वाजली होती, पण किशनरावांच्या डोक्यात ती अजून वाजत होती. तेव्हापासून ते स्वतःच्या पक्क्या घरात झोपले नव्हते. अंगणात पत्र्याची शेड घालून तिच्याखाली बाज टाकून झोपायचे. उशाशी स्टीलचे पेले एकावर एक पालथे रचलेले. जमीन हलली की पेले पडणार, पेले पडले की किशनराव उठणार, आणि 'भूकंप! बाहेर या!' असं ओरडणार, अशी व्यवस्था. व्यवस्थेत खोट एवढीच होती की पेले मांजरानंही पडत आणि ट्रकनंही. पहिल्या वर्षी घरातले धावत बाहेर यायचे. दुसऱ्या वर्षी चालत यायचे. पुढं पुढं त्यांची बायको सिंधुताई अंथरुणातूनच विचारायच्या, "मांजर हाय का ट्रक?"

त्याच सिंधुताईंनी शेवटी तोड काढली. "तुमी एक रात लातुरात झोपून बघा. झोप लागली तर पोरगी तिथं राहील. न्हाई लागली तर आपली घेऊन या परत. मी एक अक्षर बोलणार न्हाई."

किशनरावांनी ही अट तत्काळ मान्य केली. झोप लागणार नाही याची त्यांना शंभर टक्के खात्री होती.

प्रश्न आला राहायचं कुठं. सिंधुताईंचे धाकटे भाऊ बजरंग लातुरातच होते. पण क्लासचे दिवस आल्यापासून त्यांनी घरातली प्रत्येक हात-दोन हात जागा पोरांना भाड्यानं दिली होती. देवघरात बारावीची दोन पोरं, जिन्याखाली एक पुन्हा परीक्षा देणारा. "दाजी, या की," ते फोनवर म्हणाले, "पण खरं सांगू का, मीच सध्या शेजाऱ्याच्या व्हरांड्यात झोपून राहिलो." लॉजवर चौकशी करावी तर सगळे लॉज पालकांनी भरलेले.

अशा वेळी कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या गुरुलिंगअप्पांनी डोकं वर काढलं. अप्पा बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून रिटायर झालेले. बांधकाम सोडून इतर विषयांवरही ते ओव्हरसिअरच्याच अधिकारानं बोलत. "नव्या इमारतीत पाय ठेवू नका," ते म्हणाले. "सिमेंट किती असतं ते मला विचारा. निजामाच्या काळातली बघा. गंजगोलाईच्या मागं राहत मंझिल म्हणून हाय. दगड आन् चुना. ताल्लुकेदार, म्हंजे तवाचे कलेक्टर, उतरायचे तिथं. आता मालकाच्या पोरानं झकपक हॉटेल केलंय. त्र्याण्णवला एक तडा गेला न्हाई तिला."

पलीकडच्या भिंतीवरून संगप्पा मास्तर म्हणाले, "दगडाचीच तर पडली सगळी!"

"ती मातीत बांधलेली, मास्तर. ही चुन्यातली हाय."

"तडा दिसला न्हाई म्हंजे आतून गेला असंल. आतला तडाच घात करतो."

दोघांचं भांडण दिवेलागणीपर्यंत चाललं. अप्पांच्या भाषणात चुन्याचे गुण, त्यात मिसळायचं गुळाचं पाणी, बेलफळाचा गर असं पुष्कळ होतं. किशनरावांच्या लक्षात राहिला तो फक्त आतला तडा.

तरी दुसरं काहीच मिळत नव्हतं, म्हणून राहत मंझिल ठरली. मग रजा आली. मुख्यालय सोडण्याची परवानगी आली. ऑफिसात परवानगीचे अर्ज किशनरावच तपासत, त्यामुळं त्यांनी स्वतःच्या अर्जात एक त्रुटी काढली, ती दूर केली, आणि मगच तो साहेबांपुढं ठेवला. यात विनोद काही नाही. नियम आपल्यापासून सुरू व्हावा असं त्यांचं मत होतं.

लातूरच्या बसस्टँडवर उतरल्यावर बायकोमुलीला रसवंतीत बसवून किशनराव एकटेच एका सरकारी कचेरीत गेले. राहत मंझिल राहण्यास योग्य आहे असा काही दाखला पाहायला मिळतो का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "मालक का?"

"न्हाई. एका रातीचा पाहुणा."

"पाहुण्याला दाखला मिळत न्हाई. मालकानं अर्ज करायचा."

"मालकाला कशाला पाहिजे दाखला? तो तर तिथंच राहतो."

"मग तुमाला कशाला पाहिजे? तो राहतोच की."

किशनराव बाहेर आले ते लालबुंद होऊन. त्या माणसाचं बोलणं चूक होतं म्हणून नव्हे. हीच वाक्यं, याच आवाजात, मान वर न करता, ते स्वतः नांदेडात रोज बोलत आणि ती ऐकायला कशी लागतात हे त्यांना आज कळलं होतं.

राहत मंझिलच्या दारात मालकांचा मुलगा नबील हात जोडून उभा होता. हैदराबादला हॉटेलचा कोर्स करून आलेला, गळ्यात टाय. त्यानं आधी गुलाबाचं सरबत दिलं. किशनरावांनी ते घ्यायच्या आधी कमानीच्या दगडावर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं.

"सर, खोल्यांना आपल्याकडं नंबर नाहीत, नावं आहेत," नबील म्हणाला. "तुमची खोली ताल्लुकेदार. ऐतिहासिक आहे. खुद्द ताल्लुकेदारसाहेब याच पलंगावर झोपत."

"जिवंत उठले का?" किशनरावांनी विचारलं.

खोली खरोखर बघण्यासारखी होती. दोन पुरुष उंचीची खिडकी, रंगीत काचा, आणि चार खांबांचा एवढा उंच शिसवी पलंग की चढायला लाकडी पायरी. शिल्पा तर हरखूनच गेली. सिंधुताईंनी पलंगावर चढून पाय हलवत सगळीकडं पाहिलं आणि "बाई बाई बाई," एवढंच म्हणाल्या. किशनराव मात्र वर बघत होते. पलंगाच्या नेमकं वर काचेचं झुंबर होतं. आणि उशाशी भिंतीवर, सागवानी चौकटीत, जाड मिशांच्या एका गृहस्थाची दोन हात उंचीची तसबीर.

"हे कोण?"

"आमचे पणजोबा, सर. त्यांनीच ही मंझिल बांधली."

"यांना खाली घ्या."

नबीलचा चेहरा पडला. कोर्समध्ये पाहुण्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या मागण्या शिकवल्या होत्या, पण पणजोबांना खाली घ्या अशी त्यात नव्हती. तेवढ्यात त्याचे वडील निजामोद्दीन आले. सत्तरीला टेकलेले, पांढरी टोपी, डोळ्यांत मिस्कील भाव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घे बाबा खाली. मेहमान हायत. दादाजान एक दिवस जमिनीवर बसले तर काय बिघडतंय?"

तसबीर उतरली आणि दाराबाहेर व्हरांड्यात टेकवून ठेवली गेली. झुंबर उतरवता येत नव्हतं, म्हणून पलंग सरकवायचं ठरलं. पलंग हलायला तयार नव्हता. हॉटेलातली होती नव्हती ती सगळी माणसं आली, टाय काढून नबील आला, आणि बऱ्याच कुंथण्यानंतर तो दाराजवळ आला. इतका जवळ, की पलंगाचे दोन खांब खोलीत आणि पायथ्याचा भाग जवळजवळ व्हरांड्यात. येणाराजाणारा आता किशनरावांच्या पायांना वळसा घालून जाणार होता. किशनरावांनी पिशवीतून स्टीलचे पेले काढले आणि कोनाड्यात पालथे रचले. निजामोद्दीनांच्या पत्नी वहिदाबी दारातून हे पाहत होत्या. त्या सिंधुताईंना हळूच म्हणाल्या, "आमच्यात पण हुते की असे. भूकंपानंतर आमचे हे सहा महिने अंगणात झोपले. कुणाला सांगत न्हाईत आता."

जेवण गुरम्मानं वाढलं. ही औसा तालुक्यातली बाई, हॉटेलचा स्वयंपाक बघायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तर्रीदार आमटी. किशनराव जेवले चांगलं, फक्त दाराकडं तोंड करून.

दुपारी शिल्पाची परीक्षा. समोरच्याच इमारतीत हत्तरगे सरांचा क्लास होता, आणि तिथं प्रवेश हवा तर आधी सरांची चाचणी द्यावी लागे. गल्लीत नांदेड, भोकर, चाकूर, कुठकुठले पालक फाटकाला चिकटून उभे. शिल्पा आत गेली, सिंधुताई बाहेरच्या बायकांत जाऊन बसल्या. उकाडा मरणाचा होता. किशनराव खोलीवर आले, शर्ट-पँट काढून खुंटीला लावली आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत आणि बनियनवर पलंगावर आडवे झाले. झोपायचं नव्हतंच. फक्त पाठ टेकायची होती.

तेवढ्यात जमिनीच्या पोटातून आवाज आला.

आधी घरघर, मग गडगड, मग धडाधड. पलंग थरथरला. झुंबराच्या काचा किणकिणल्या. आणि ज्या क्षणाची किशनराव इतकी वर्षं वाट पाहत होते तो क्षण आला: सगळे पेले एकदम खणाणत जमिनीवर आले. मांजर नव्हतं. ट्रक नव्हता.

किशनराव पलंगावरून उडाले ते पायरी न वापरता. दाराशी ठेवलेली पिशवी उचलायची हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. उन्हासाठी पडदे सोडलेल्या अंधाऱ्या व्हरांड्यात जे हाताला लागलं ते त्यांनी छातीशी धरलं आणि पायऱ्या उतरत, पाटबंधारे खात्यात कधी वापरायला मिळाला नव्हता असा आवाज काढला. "भूकंप! भूकंप! समदे बाहेर या!"

लातुरात हा शब्द दुसऱ्यांदा ऐकायची कुणाला गरज नसते. राहत मंझिल रिकामी झाली. शेजारचं पुस्तकांचं दुकान रिकामं झालं. सलूनमधून अर्धी दाढी केलेला माणूस आला, गळ्यात कापडासकट. समोरच्या जिन्यावरून क्लासची पोरं धो धो उतरली, आणि सगळ्यांच्या पुढं हत्तरगे सर स्वतः, एका पायात चप्पल. एवढ्यात राहत मंझिलच्या मागून पांढऱ्या धुळीचा लोटच्या लोट आभाळात चढला. "पडली! मागची बाजू पडली!" कुणीतरी किंचाळलं. बायका रडू लागल्या. सिंधुताई "शिल्पा, शिल्पा" करत पोरांच्या गर्दीत घुसल्या.

या सगळ्या गोंधळाच्या मधोमध किशनराव धापा टाकत उभे होते. निजामोद्दीन काठी टेकत त्यांच्यापर्यंत आले आणि जागीच थांबले. त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा किशनरावांनी पहिल्यांदा खाली पाहिलं. त्यांच्या कवेत पिशवी नव्हती. मिशावाले पणजोबा होते.

"किशनरावसाब," निजामोद्दीन म्हणाले, "अंगावरचे कपडे टाकले तुमी, आन् माझ्या दादाजानला घेऊन आले?"

आणि भर रस्त्यात त्यांनी किशनरावांना, चड्डी-बनियनसकट आणि तसबिरीसकट, मिठी मारली. किशनराव खरं सांगणार होते. पण सांगायला श्वास नव्हता, आणि श्वास आला तोवर सांगण्याची वेळ गेली होती.

नबील मात्र धुळीच्या दिशेनं धावला होता. तो परत आला तेव्हा भुवयांपर्यंत पांढरा झाला होता. "काही नाही! काही पडलं नाही! मागच्या प्लॉटवर बोअरची गाडी आलीये. होस्टेल होतंय ना तिथं, पाण्यासाठी बोअर मारून राहिलेत."

मग कुणीतरी हसलं, कुणी शिवी दिली, कुणी मटकन पायरीवर बसलं. हत्तरगे सरांना आधी हायसं वाटलं, आणि लगेच आपली चाचणी आठवली.

"कोण ओरडलं?" त्यांनी विचारलं. "पेपर चालू असताना भूकंप भूकंप म्हणून पहिल्यांदा ओरडलं कोण?"

किशनराव हळूच तसबिरीमागं सरकले. धरणीनं पोटात घ्यावं, अशी इच्छा त्यांच्या मनात आली आणि तशीच परत गेली. धरणीशी त्यांना असला कुठलाही व्यवहार नको होता.

"आमची मुलगी कुठंय?" सिंधुताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "समदी पोरं आली, शिल्पा न्हाई!"

किशनरावांच्या हातातून तसबीर सुटता सुटता निजामोद्दीनांनी धरली. किशनराव जिन्याकडं धावले, त्यांच्यामागं सिंधुताई, त्यांच्यामागं एकाच चपलेवर सर. वरच्या हॉलमध्ये बाकं वेडीवाकडी झालेली, पेपर जमिनीवर विखुरलेले. आणि खिडकीजवळच्या बाकावर शिल्पा एकटी, खाली मान घालून लिहीत होती.

"अगं, तू बाहेर का नाही आलीस?" सरांनी विचारलं. "भीती नाही वाटली?"

"वाटली ना, सर. बाक हललं तेव्हा लई वाटली." शिल्पानं मान वर केली. "मग खालून आवाज आला, तेव्हा गेली. आवाज बाबांचा होता."

सरांनी वळून किशनरावांकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. किशनरावांनी दोन्ही हात बनियनवर जोडले. "चूक झाली, सर. मी नांदेडचा आहे. हेडक्लार्क," ते म्हणाले, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

सर काही बोलणार, तेवढ्यात दारातून गुरम्मा पुढं आली. तिच्या हाताला अजून पीठ होतं. तीही सगळ्यांसारखी धावत बाहेर आली होती आणि गर्दीमागून वर चढली होती.

"त्यांना बोलू नगा, गुर्जी," ती म्हणाली. "आमच्या गावात भूकंपाच्या त्या राती कुणी वरडलंच न्हाई. गणपती बुडवून दमून झोपले हुते समदे. एक माणूस जरी असा वरडला असता..." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि किशनरावांकडं वळली. "तुमी वरडत जावा, सायेब. धा बार खोटं निघू द्या. मी धा बार पळंन."

मागची बोअरची गाडी धडधडत होती. सरांनी खाली वाकून आपल्या पायातली एकुलती चप्पल काढली आणि हातात घेतली. "पळालो तर मीही," ते हळूच म्हणाले. "पोरांच्या आधी पळालो. उद्या सगळ्यांची चाचणी परत घेऊ. हिला गरज नाही, हिचा पेपर झालाय." मग किशनरावांना म्हणाले, "तुम्ही आधी पँट घालून या."

खोलीवर आल्यावर किशनरावांनी पँट घातली, आणि पलंगाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. सिंधुताईंनी विचारलं नाही कशासाठी. त्यांनी नुसतं पाणी दिलं. किशनरावांनाही नीट सांगता आलं नसतं. ज्याला ते इतकी वर्षं घाबरत होते ते आलं नव्हतं, आणि पोरगी हातीपायी धड होती, एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा कळत होतं, आणि प्रत्येक वेळी नव्यानं बरं वाटत होतं.

संध्याकाळी वहिदाबींनी सगळ्यांना अंगणात चहाला बोलावलं. त्यांची धाकटी हुस्ना यंदा अकरावीलाच होती आणि दुपारपासून शिल्पाला सोडत नव्हती. "वरची खोली मोठी हाय," वहिदाबी म्हणाल्या. "दोघी राहतील. गुरम्माच्या हातची भाकरी, समोर क्लास. तुमची पोरगी ती माझी पोरगी." सिंधुताईंनी नवऱ्याकडं पाहिलं. किशनराव चहाच्या कपात पाहत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. फक्त उठताना नबीलला म्हणाले, "ती तसबीर जागेवर लावा. मोठ्या माणसाला जमिनीवर ठेवलंय. बरं दिसत न्हाई."

पलंगही आत सरकवला गेला. पेले सिंधुताईंनी गोळा करून पिशवीत भरले, आणि किशनराव काही बोलतात का ते पाहिलं. ते हात धुवायला निघून गेले. जेवण झालं, ते जरा पाठ टेकतो म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी जे घोरायला सुरुवात केली ती ऐकून हुस्नानं वरून विचारलं, बोअरची गाडी परत सुरू झाली का.

सकाळी उन्हं रंगीत काचांतून थेट त्यांच्या तोंडावर आली तेव्हा त्यांना जाग आली. खाली अंगणात सगळे केव्हाचे उठून बसले होते. नबील टाय घालून, तोंडावर कोर्समध्ये शिकवलेलं हसू आणून पुढं आला.

"गुड मॉर्निंग, सर. झोप कशी लागली? आमच्यासाठी काही सूचना?"

सिंधुताईंनी कानांत प्राण आणले. शिल्पानं हुस्नाचा हात घट्ट धरला. किशनरावांनी डोळे चोळले, घसा खाकरला आणि ऑफिसात त्रुटी काढतात त्या आवाजात म्हणाले,

"गादी लई मऊ हाय तुमची. पोरीच्या खोलीत एवढी मऊ टाकू नका. झोपून राहील, आन् अभ्यास बोंबलंल."